तारकर्लीहून एक दिवस आधी

ताई,

मी सोलापूरची. वय ४३, एका पतसंस्थेत नोकरी. मुलगी यंदा शिकायला पुण्याला गेली, यांना दुकानातून सवड नाही, म्हणून जन्मात पहिल्यांदा एकटीने फिरायला जायचं धाडस केलं. समुद्र मी शाळेच्या सहलीत एकदाच पाहिलेला. वर्षभर मोबाइलवर तारकर्लीचे व्हिडिओ बघत होते. पांढरी वाळू, निळं पाणी, एक होडी, माणूस नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रजा टाकली आणि कोल्हापूरमार्गे गेले.

तिथे नुसती जत्रा. दोन ठिकाणी ‘एकट्या लेडीजना रूम देत नाही’ म्हणाले. तिसरीकडे एका काकींच्या घरी खोली मिळाली, पण भाडं दोघांचं. किनाऱ्यावर पाऊल ठेवलं की ‘मॅडम, पॅरासेलिंग, जेटस्की, बनाना, पाच राइडचं पॅकेज’. डॉल्फिनच्या होडीत दहा माणसं भरेपर्यंत पाऊण तास उन्हात बसवलं, आणि डॉल्फिन दिसला तेव्हा सहा होड्या त्याच्या मागे. रात्री शेजारच्या रिसॉर्टवर एक वाजेपर्यंत गाणी. संध्याकाळी पाणी वर आलेलं, उरलेल्या वाळूवर बसायला जागा नाही. तिसऱ्या दिवशी देवबागच्या संगमावर एका कुटुंबाला म्हटलं, माझा एक फोटो काढता का. त्यातले गृहस्थ म्हणाले, ‘एकट्याच? घरचे कुठायत?’ मी म्हणाले, ‘मागून येतायत.’ आणि मग तिथेच रडू आलं. चौथा दिवस न थांबता सकाळची एसटी धरली. निघताना काकींनी स्वयंपाकघरात बसवून घावणे खायला घातले, एका दिवसाचे पैसे परत दिले, पिशवीत खाजा टाकला. घरी आल्यावर आई म्हणाली, ‘सांगत नव्हते?’ मैत्रिणींना मी ‘मस्त झाली ट्रिप’ म्हणून सांगितलंय.

गावाचा आत्माच विकलाय या लोकांनी. खरं कोकण उरलंय का कुठे? की एकटीने फिरणं हा माझा पिंडच नाही?

– एक वाचक, सोलापूर

सोलापूरच्या मैत्रिणीला,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी तुमच्या बाजूने चिडले. दुसऱ्या वेळी एका वाक्याशी अडखळले, त्याकडे येतेच. आधी सांगून टाकते, माझं माहेर मालवण तालुक्यातलं. तारकर्लीला कोणी नावं ठेवली की माझ्या तोंडी पहिलं येतं ते ‘तुम्हाला काय कळतंय’. ते गिळून लिहितेय. तरी कुठे राहिलंच असेल तर सांभाळून घ्या.

तुमच्या बऱ्याचशा तक्रारी रास्त आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद हा नियम तारकर्लीलाही लागू आहे, आणि पर्यटक म्हणून गेलेल्या बाईलाही ११२ फिरवता येतो. पुढच्या वेळी फिरवा. मालक रागावतील ही भीती सोडा, शेजारच्या घरातली म्हातारी माणसं तुम्हाला मनातल्या मनात दुवा देतील. डॉल्फिनच्या मागे सहा इंजिनं लावणं तर चुकीचंच. तो बिचारा श्वास घ्यायला वर येतो आणि आपण त्याच्यावर कॅमेरे रोखतो. मालवणचा समुद्र १९८७पासून सागरी अभयारण्य म्हणून जाहीर आहे हे तिथल्या किती होडीवाल्यांना आणि किती गिऱ्हाइकांना ठाऊक असेल, देव जाणे. आणि एकट्या बाईला खोली नाकारणाऱ्यांबद्दल मी इथे जे लिहीन ते छापता येणार नाही.

दोघांच्या भाड्याचं मात्र वेगळं आहे. खोली एकीला दिली काय नि दोघांना दिली काय, चादर तीच धुवायची, पाण्याची मोटर तीच. पावसाळ्यात सगळं बंद. बारा महिन्यांत खोल्या खऱ्या अर्थाने भरतात त्या दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात. त्या आठवड्यांत काकींच्या दारात पाचजणांचं कुटुंब उभं असताना त्यांनी एकीला खोली दिली, हेच मला नवलाचं वाटलं.

आणि तुम्ही गेलात कधी, तर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात! बाई गं. त्या आठवड्यात आम्ही माहेरवाशिणीसुद्धा देवबागच्या रस्त्याला जात नाही. नकाशा काढून बघा. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मध्ये नारळाची चिंचोळी पट्टी आणि तिच्यातून जाणारा एकच रस्ता. त्या एका रस्त्याने पुण्या-मुंबईच्या, कोल्हापूर-बेळगावच्या गाड्या आत शिरणार आणि त्याच रस्त्याने बाहेर पडणार. टोकाला संगम, खाडीच्या तोंडावर तो वाळूचा दांडा, ज्याला त्सुनामी आयलंड असं नाव देऊन ठेवलंय. पाणी चढलं की तोही आकसतो. सगळी गर्दी त्या एवढ्याशा चिमटीत. तुम्ही जी बघितलीत ती तारकर्ली खरी आहे, पण ती वर्षातल्या सर्वांत वाईट आठवड्यातली. लग्नाच्या मांडवात जाऊन ‘हे घर फार गजबजलेलं आहे’ म्हणण्यासारखं झालं.

आता ते ‘आत्मा विकला’ प्रकरण. इथे मी तुमच्याशी भांडणार आहे.

तुम्हाला हवं होतं ते माणूस नसलेलं, शांत कोकण मी पाहिलंय. त्यात वाढलेय. माझे वडील परळच्या एका गिरणीत होते. आमच्या वाडीत बारा-तेरा घरं, आणि चाळिशीच्या आतला धडधाकट पुरुष एकाही घरात नाही. म्हातारे, बायका, आम्ही पोरं आणि कुत्री. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पोस्टमन कोणाच्या दारात थांबतो आणि कोणाच्या दारावरून सायकल न थांबवता पुढे जातो, यावर त्या घरात संध्याकाळी मासा येणार की नुसती पेज, हे ठरायचं. मनीऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणायचे आम्हाला. चाकरमानी गणपतीत यायचे, शिमग्यात यायचे, मे महिन्यात मुलाबाळांना घेऊन यायचे, की वाडी आठ-दहा दिवस नांदायची. मग परत सामसूम. त्या सामसुमीत किनारा अगदी तुमच्या व्हिडिओतल्यासारखा असायचा. पांढरी वाळू, एक होडी, माणूस नाही. माणूस लालबागला असायचा ना!

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो कधी मिटलाच नाही. किती जण गावी परत आले, त्यांचं पुढे काय झालं, हे लिहायला बसले तर तुमचं उत्तर बाजूलाच राहील. माझ्या वडिलांनी दोन वर्षं पडवीत बसून काढली, एवढंच सांगते. पुढे १९९७मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८मध्ये कोकण रेल्वे सुरू झाली, आणि हळूहळू कोणी पडवी बंदिस्त करून दोन खोल्या काढल्या, कोणी मागच्या अंगणात संडास-बाथरूम बांधलं, कोणी बापाच्या होडीला रंग देऊन तीत पर्यटक बसवले. ज्या पडवीत वडील बसायचे तिथे आता माझ्या चुलतभावाने एसी लावलाय. दिसायला भयाण दिसतो, मी त्याला तसं सांगितलंयही. पण त्याचा मुलगा गावात राहतो. बायकोमुलांसकट, बारा महिने. आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत हे पहिल्यांदा घडलंय.

तेव्हा ‘मॅडम, बनाना राइड’ म्हणून तुमच्या मागे लागलेला तो पोरगा कटकट्या असेल, अगदी मान्य. पण तो मुंबईला कोणाच्या तरी दहा बाय दहाच्या खोलीत पथारी टाकून झोपत नाहीये, हे माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तुम्हाला त्याचा त्रास झाला आणि मला त्याचं बरं वाटतं. दोन्ही एकाच वेळी खरं असायला काय हरकत आहे?

या सगळ्यात पारंपरिक मच्छीमारांचं जे होतंय, किनाऱ्यावर होड्या ओढायला जागा कमी पडतेय, कचरा खाडीत जातोय, त्याबद्दल गावातल्या लोकांनाच तुमच्यापेक्षा जास्त चीड आहे. ग्रामसभेत बसून बघा एकदा. सोलापूरहून आत्म्याचा शोध घेत यायची गरज नाही. (हे जरा टोचून झालं. राहू दे.)

आता त्या वाक्याकडे. ‘मागून येतायत.’

मला विचाराल तर तुमचं अख्खं पत्र या दोन शब्दांत आहे. गर्दी, जेटस्की, गाणी हे सगळं सोसून तुम्ही तीन दिवस काढलेत. रडू आलं ते एक खोटं बोलल्यावर. त्या गृहस्थांनी काही वाईट हेतूने विचारलं असेल असं मला वाटत नाही. आपल्याकडे एकटी बाई हॉटेलात चहा पीत बसली तरी लोकांना तिच्या मागची रिकामी खुर्ची दिसते. पण तुम्ही त्या रिकाम्या खुर्चीवर झटकन एक नवरा नि एक मुलगी आणून बसवलीत, आणि मग तुमच्या पाठीमागे कोणीच येत नाहीये हे तुमचं तुम्हालाच बघावं लागलं. संगमावर, पाठीमागे बोटींच्या रांगेत, कडेवर पोरं घेतलेल्या लोकांत.

मीही हे केलंय. वीसेक वर्षांपूर्वी एका शहरात भाषणाला गेले होते. लॉजच्या काउंटरवरच्या माणसाने रजिस्टर पुढे सरकवत ‘मिस्टरांचा नंबर लिहा’ म्हटलं. मिस्टर तोवर जाऊन चार वर्षं झालेली. मी निमूटपणे आमच्या घरचाच लँडलाइन नंबर लिहिला. रात्री खोलीत पडल्यावर वाटलं, या माणसाने खरंच फोन लावला तर रिकाम्या घरात घंटी वाजत राहील. झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी भाषणही धड झालं नाही आणि त्या शहराला मी पुढे दहा वर्षं नावं ठेवत होते. शहराचा दोष एवढाच की तिथे तो लॉज होता.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. एकटीने फिरणं हा तुमचा पिंड आहे की नाही, हे तुम्हाला अजून कळलेलंच नाही. तुम्ही तिथे एकट्या होतात कुठे? एका न आलेल्या कुटुंबाला बरोबर घेऊन फिरत होतात. पुढच्या वेळी कोणी विचारलं तर म्हणा, ‘हो, एकटीच आलेय.’ एवढंच. कारण सांगू नका. नवरा दुकानात असतो, मुलगी पुण्याला आहे, यातलं काही सांगू नका. घरी आरशासमोर चार वेळा म्हणून बघा. हसाल, पण म्हणा. पहिल्यांदा जीभ अडखळते, मग सवय होते.

एक फरक ओळखायला शिका मात्र. माझ्या माहेरी कोणीही म्हातारी तुम्हाला गाठून विचारेल, ‘खंयसून इलात? एकट्याच?’ ती ही चौकशी पंतप्रधानांचीही करेल. तिला तुमचं गाव, तुमची जात, तुमच्या सोलापुरात पाणी किती दिवसांनी येतं, हे सगळं हवं असतं, आणि त्याच्या बदल्यात ती तिच्या सुनेबद्दल तासभर सांगते. ते तपासणं नव्हे. आणि कोणी एकट्या बाईला खोलीचा नंबर विचारत असेल, परत परत समोर येत असेल, तर तिथे ‘मागून येतायत’ बिनदिक्कत म्हणा. तिथे खोटं बोलल्याचं पाप लागत नाही. मी सांगते.

आता फेब्रुवारीचं बघू. होय, मी तुम्हाला परत पाठवतेय, आणि तिथेच.

फेब्रुवारी अशासाठी की तेव्हा बारावीच्या परीक्षा सुरू होतात, पाठोपाठ दहावीच्या. ज्या घरात परीक्षार्थी आहे ते घर हलत नाही, आणि ज्या घरात नाही त्या घरातल्यांची शाळा चालू असते. हवा छान, आंब्याला मोहोर. पतसंस्थेतलं मार्चएंडचं लचांडही अजून लांब. रविवारी निघा. तुम्ही घाट उतरत असाल तेव्हा शनिवार-रविवारवाले घाट चढत असतील. सोमवार ते गुरुवार राहा, शुक्रवारी दुपारी पहिली मोठी गाडी देवबागच्या रस्त्याला लागायच्या आत निघा. एसटीत बायकांना २०२३पासून निम्मं तिकीट आहे, म्हणजे दोघांच्या भाड्यातला थोडा वचपा तिथेच निघाला.

आता तारीख कशी काढायची ते सांगते, हे तुम्हाला कुठलं अॅप सांगणार नाही. भिंतीवरचं कालनिर्णय काढा. आमच्या किनाऱ्यावर भरतीचा जुना हिशोब आहे: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण होते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. पौर्णिमा झाली की परत एकपासून मोजायचं. भरतीनंतर सहा-साडेसहा तासांनी ओहोटी. म्हणजे अष्टमीच्या सुमाराला सकाळी सहालाही पाणी वर आणि संध्याकाळी सहालाही वर. फिरायच्या दोन्ही वेळा पाण्यात गेल्या! ‘वाळूवर बसायला जागा नाही’ म्हणता ना, तुम्ही गेलात त्या तारखा कॅलेंडरवर बघा, अष्टमी-नवमी जवळच कुठेतरी सापडेल. तीसुद्धा भांगाची भरती, म्हणजे नरमच. पण पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आसपास गेलात तर पाण्याला उधाण असतं, भरती मोठी तशी ओहोटीही मोठी, आणि ती नेमकी पहाटे नि संध्याकाळी. सकाळी सहाला उठून बाहेर या. पाणी लांब गेलेलं असतं, मागे ओली, टणक वाळू, तिच्यावर अनवाणी चाललं तरी पाऊल रुतत नाही. खेकड्यांनी वाळूच्या बारीक गोळ्यांची रांगोळी घातलेली असते. राइडवाली पोरं नऊच्या आधी उठत नाहीत.

त्या वेळात किनाऱ्यावर जी माणसं दिसतील ती गावातली. रापण लागली असेल तर नशीब तुमचं. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकून यायचं आणि त्याची दोन टोकं किनाऱ्यावरून दोन रांगांनी ओढायची. चाळीस-पन्नास माणसं, बाप्ये, बायका, म्हातारे, कमरेला दोर बांधून मागे मागे चालत येणारे. तासभर तरी चालतं ते. शेवटी जाळ्याची पिशवी वर येते तेव्हा आधी कावळे आणि घारी येतात, मग मांजरं, मग माणसं. तारली, पेडवे, बांगडे, कधी नुसताच शेवाळाचा गाळ. जे येईल त्याचे वाटे. ओढणाऱ्याचा वाटा, होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा. तुम्ही बाजूला उभ्या राहिलात तर कोणी हटकणार नाही. दोराला हात लावायचा तर विचारून लावा, आणि तळव्याची सालं निघतील याची तयारी ठेवा. बांगडे हवेत तर विकत घ्या, ‘फुकट चार द्या की’ म्हणणाऱ्या पुणेकर काकांचं उदाहरण गावात अजून सांगतात.

सिंधुदुर्ग किल्ला बघितलात का, ते पत्रात नाही. नसेल तर सकाळच्या पहिल्या होडीने जा. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. आत शिवाजी महाराजांचं मंदिर आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं, आणि त्यातली मूर्ती आपल्या नेहमीच्या चित्रातल्यासारखी नाही. दाढी नाही, डोक्यावर जिरेटोपाऐवजी नावाड्यासारखी टोपी. मला लहानपणी ते आमच्या वाडीतले कोणीतरी वाटायचे. परत आल्यावर मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा कुठे ते विचारा. २५ नोव्हेंबर १६६४ला किल्ल्याच्या कामाची पूजा तिथे झाली. खडकात कोरलेल्या खुणा आणि समोर पाण्यात किल्ला. तिकीट नाही, पॅकेज नाही, म्हणून गर्दीही नाही.

पाण्यात उतरायची हौस असेल तर स्कूबा करा, बनाना नको. बनानावर एकटीला दुसऱ्यांच्या ग्रुपमध्ये कोंबतात. स्कूबाला एका माणसामागे एक शिकवणारा असतो, पोहता येत नसलं तरी चालतं. दमा, रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि फॉर्मवर खरं लिहा. संगमावर मात्र गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका. नदी आणि समुद्र तिथे एकमेकांना ढकलत असतात, वरून कळत नाही.

‘खरं कोकण कुठे’ याची यादी मी देणार नाही. दिली की पुढच्या डिसेंबरात तिथेही तुमच्यासारख्या चौघी रडत बसलेल्या असतील. एकच गाव सांगते, कारण त्याची गंमत तुम्हाला आवडेल. मालवणच्या उत्तरेला आचरा. रामेश्वराचं देऊळ आहे, लांबलचक किनारा आहे. आणि या गावात गावपळण असते. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल घेऊन अख्खं गाव तीन दिवस नि तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. रानात झोपड्या घालतात, तिथे स्वयंपाक, तिथे भजनं, रात्री गप्पा. मागे घरं उघडी-बंद जशी असतील तशी. मग परत कौल घेऊन घरी. एवढं अख्खं गाव घर सोडून बाहेर जाऊन राहतं आणि कोणी कोणाला ‘का गेलात’ म्हणत नाही. तुम्ही तर चारच दिवस गेला होतात. तिकडे जायचं तर मालवणहून सकाळच्या एसटीने जा नि उजेडी परत या. रिकामा किनारा व्हिडिओत छान असतो, पण तिन्हीसांजेला एकटीने तिथे राहायला मीसुद्धा सांगणार नाही.

आईंचं मनावर घेऊ नका. ‘सांगत नव्हते’ म्हणणाऱ्या आईला बहुतेक वेळा कोणी कुठे एकटीने जाऊ दिलेलं नसतं. एखाद्या दिवशी तिला रापणीचं सांगा, जेटस्कीचं नको. मैत्रिणींना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण त्यातल्या एकीला तरी खरं सांगितलंत तर कदाचित फेब्रुवारीत ती स्वतःहून ‘मी पण येऊ का’ म्हणेल. आणि तेव्हा तुम्हाला तिला न्यायचं आहे की नाही, यावरून तुमच्या पिंडाचा निकाल लागेल!

राहायचं कुठे, हे तुम्ही विचारलेलंच नाही, कारण त्याचं उत्तर तुमच्याच पत्रात तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. भर सीझनला, घर माणसांनी भरलेलं असताना, वरच्या ग्रुपची न्याहारी राहिलेली असताना, एका बाईने तुम्हाला गिऱ्हाइकांच्या टेबलावर न बसवता स्वयंपाकघरात बसवलं. घावणे तव्यावरून थेट ताटात. ठरलेल्या दिवसाचे पैसे ठेवून घ्यायचा तिला पूर्ण हक्क होता, ते परत केले. आमच्याकडे खाजा पिशवीत टाकतात तो जत्रेहून परत जाणाऱ्या माहेरवाशिणीच्या. त्यांनी तुम्हाला रडलेलं बघितलं असणार. त्यावर त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, यावरून मला त्या माझ्याच कोणीतरी नात्यातल्या वाटल्या.

पोचल्याचा फोन तुम्ही त्यांना केला नसेल. करा. नंबर मोबाइलमध्ये असेलच. माझं नाव नको, सोलापूरचं सांगा, घावणे सांगा, लक्षात येईल त्यांच्या. फेब्रुवारीतली पौर्णिमा बघून ठेवा आणि त्या आठवड्यातले चार दिवस मागा. भाडं एकीचं घ्याल का, हेही विचारायला लाजू नका, मधल्या वारी त्या घेतील. जाताना सोलापूरची शेंगाची चटणी घेऊन जा, कोकणात ती कोणाला जमत नाही. फक्त फोन सोमवारी दुपारी करा. शनिवार-रविवारी त्या उचलणार नाहीत.